मायच्या मापाचं टायटल

धाडच्या स्टँडवर उतरा आणि "मिक्सिंगवाली समता कुठं राहते?" एवढंच विचारा. टपरीवाला पानाला चुना लावता लावताच हनुवटीनं गल्ली दाखवेल, आणि वर न विचारलेली माहिती देईल, "तिच्या कॅसेटीतले नावं वाचता येतात, बरं का!" कॅसेट जाऊन जमाना झाला. लग्नाचं शूटिंग आता पेनड्राइव्हवर मिळतं. पण आपल्याकडं त्याला अजून कॅसेटच म्हणतात, आणि ते कापून, जोडून, नावं घालून द्यायच्या कामाला मिक्सिंग. म्हणोत बापडे.

आता कॅसेटीतली नावं वाचता येतात यात कौतुक ते काय, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही अलीकडं लग्नाची कॅसेट पाहिलेली नाही. नवरदेवाचं नाव आभाळातून गरगरत येतं, दाणकन आपटतं, ठिणग्या उडतात, आणि 'चि.' वाचून होईपर्यंत नवरदेव धुरात गायब! मामाचं नाव उजवीकडून शिरतं अन् मागं कुत्रं लागल्यासारखं डावीकडून पळतं. बिचारा मामा सगळं घर गोळा करून टीव्हीसमोर बसलेला असतो, आणि नेमकी तेव्हाच त्याला शिंक येते. गेला मामा! समताच्या हातची कॅसेट तशी नाही. तिच्याकडं एकेक अक्षर येतं, आपल्या जागेवर बसतं, दम खातं. सगळं नाव वाचून झालं की मगच जातं.

कोणाचं वाचून झालं की? तर तिच्या आईचं, सिंधूताईचं. मलकापूरचा शूटिंगवाला राजकुमार, जो ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती एसटीनं काम पाठवतो, तो दर हंगामात एकदा तरी फोनवर कुरकुरतो, "समताताई, लय स्लो हाय वं तुमचं टायटल. लोकं झोपतीन ना!" समता म्हणते, "झोपू दे. उठल्यावर वाचतीन." आणि फोन ठेवते. बाई तोंडानं फटकळ आहे. पण त्या मापामागं काय आहे ते राजकुमारला ठाऊक नाही, म्हणून सांगतो.

समताचा बाप इंद्रभान आठवी शिकलेला. घरातलं सगळं वाचणं त्याच्याकडं: लाइटीचं बिल, एसटीची पाटी, औषधाच्या बाटलीवरचा कागद. सिंधूताई निंदायला, कापूस वेचायला जाणारी. शाळेची पायरी तिनं कधी पाहिली नव्हती. पावसाळ्याचे तीन महिने, वर्षावासात, वस्तीवरच्या विहारात रोज ग्रंथ वाचतात. एका घराकडं एक दिवस. या घराचा दिवस इंद्रभानचा. तो पांढरा सदरा घालून, घसा खाकरून, ग्रंथ दोन्ही हातांत धरून वाचायचा आणि सिंधूताई पार मागं, चपलांजवळ बसून ऐकायची. दरवर्षी त्याच्याकडं साधारण तेच पान यायचं, म्हणून त्यानं कडेला पेन्सिलीनं एक बारीक फुली मारून ठेवली होती. वाचलेलं सगळंच सिंधूताईला कळायचं असं नाही. पण आपला माणूस वाचतोय आणि गाव ऐकतंय, याचा तिला कोण अभिमान वाटायचा!

समता दहावीत असताना इंद्रभान गेला. घराच्या दिवशी मग समता वाचू लागली. सिंधूताईची जागा मात्र तीच राहिली, चपलांजवळची.

बारावी झाल्यावर समता बुलडाण्याला एका स्टुडिओत कामाला लागली. आधी झाडू मारला, मग चहा आणला. एकदा मिक्सिंगचा मेन माणूस स्वतःच्याच लग्नाला गेला, तेव्हा ही त्याच्या खुर्चीत बसली ती उठलीच नाही. चार वर्षांनी एक जुना कॉम्प्युटर घेऊन ती धाडला परत आली आणि घराच्या पुढच्या खोलीत तिनं आपलं दुकान मांडलं.

सिंधूताई रानातून आली, हातपाय धुतले, की कॉम्प्युटरच्या मागच्या खाटेवर येऊन बसायची. तिला वाटायचं, मजा आहे बाई पोरीची, दिवसभर लग्नंच पाहायची! "हे नवरी कोण्या गावची वं? हिची माय काऊन रडून नाई राह्यली?" असं विचारून विचारून ती समताला वात आणायची. समता टायटल करत असायची. टायटलचं काम असं असतं: नाव लिहायचं आणि मग एकेका अक्षराला बजावायचं, तू इथून निघ, इथं पोच, इतका वेळ थांब, मग जा. त्या बजावण्याच्या खुणांना कीफ्रेम म्हणतात. स्टुडिओत तयार टायटलं मिळायची; स्वतः करायची म्हटलं, तर त्या वर्षी समताला एकच चाल नीट येत होती. एकामागून एक अक्षर वरून खाली उतरायचं. वस्तीवरच्या लग्नात सुरुवातीला 'मंगल परिणय' लिहितात. ते जमेपर्यंत ती तेच ते पुन्हा पुन्हा लावून पाहायची.

एका संध्याकाळी तिनं 'मंगल परिणय' लावलं. 'मं' उतरला. मागून आवाज आला, "आता 'ग' येईन."

'ग' आला.

"आता 'ल'."

'ल' आला.

समतानं माऊस सोडला. मागं वळायची तिची छाती होईना. डोळे भरले होते, आणि तिला रडताना पाहून आई घाबरली असती, पुन्हा बोललीच नसती. पडद्याकडं पाहतच तिनं विचारलं, "माय, तुले कसं समजलं?"

"रोज तसंच त येते बाई. 'मं'च्या मांगं 'ग'. लायनीनं."

बस्स, तिथून सुरू झालं. ना पाटी, ना पेन्सिल. समता अक्षर सावकाश उतरवायची आणि त्याचं नाव घ्यायची. सिंधूताई ते तोंडात घोळवायची. दोन हंगामांत बाई नावं वाचायला लागली. वय वर्षं एक्कावन्न! 'आयुष्यमती' ती एका दमात म्हणायची, 'शुभेच्छुक' म्हणजे जोडाक्षराचा केवढा डोंगर, तोही चढून जायची. आणि 'मीठ' वाचताना अडायची. अहो, लग्नाच्या टायटलात मीठ कोण लिहितो?

तेव्हापासून समताचं माप ठरलं. टायटल लावायचं, मागं आई वाचते ते ऐकायचं, आणि तिच्या तोंडून शेवटचं अक्षर सुटलं की नाव पडद्यावरून काढायचं. त्याच्या आधी नाही. घाई करणाऱ्याला समता सांगायची, "घरात सगळ्यात हळू वाचणारं जे माणूस हाय, नाव त्याच्यासाठी असते. बाकीच्यायले तर पत्रिका मिळालीच हाय."

असं सगळं छान चाललं होतं, आणि गेल्या पावसाळ्यात सिंधूताई बोलून फसली.

झालं असं, की शेजारच्या काजलच्या लग्नाची, समताच्याच हातची कॅसेट आली. गल्लीतल्या बाया टीव्हीपुढं जमल्या. एकेक नाव येत गेलं आणि सिंधूताई मोठ्यानं वाचत गेली. बाया कॅसेट सोडून तिच्याकडंच पाहायला लागल्या. त्यांत अंबूबाई होत्या. वयानं सगळ्यांत मोठ्या, आणि विहारातल्या वाचनाच्या पाळ्यांची वही त्यांच्याकडं असते. त्यांनी कपाळाला हात लावला. "अवं सिंधे, तू वाचतं? अन् आमाले पत्ताच नाई! या साली तुह्या घराच्या दिवशी तूच वाच मंग."

"हाव, वाचतो ना मी!" सिंधूताई म्हणाली. कौतुकाच्या भरात माणूस काय काय कबूल करून बसतं!

अंबूबाईंनी वहीत लिहिलंसुद्धा. समता नाही, सिंधूताई. मध्ये पंधरा दिवस होते.

समताला त्यात काही अवघड वाटलं नाही. विहारात जाऊन तिनं त्या दिवसाच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला, स्टँडवरून त्याची छापील प्रत करून आणली. कडेची इंद्रभानची फुलीही कागदावर उमटली होती. सिंधूताईनं फुलीवरून अंगठा फिरवला, मांडी घातली, कागद समोर धरला. आणि गप्प.

"वाच ना माय."

डोळे नुसते वरखाली. कपाळावर घाम.

"काय झालं?"

"हे सगळे एका वक्तीच उभे हायेत," सिंधूताई म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "यायच्यात पह्यले कोण आलं, मले कसं समजन?"

समताला हसूच आलं आणि मग रागही आला. दिवसभराचं काम पडलेलं, राजकुमारचे तीन फोन येऊन गेलेले. ती फाडकन बोलली, "अवं माय, पह्यलीतले लेकरं वाचतात हे!"

सिंधूताईनं कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि पिठाच्या डब्याखाली सारली. "भाकरी टाकतो," म्हणाली आणि चुलीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी ती खाटेवर येऊन बसली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. विहारातही गेली नाही; डोकं दुखतं म्हणाली. समता खुर्चीत बसून टायटल करत होती. नाव उतरलं, जागेवर बसलं. आता काढायचं कधी? मागून आवाज येईना. तिनं अंदाजानं काढून पाहिलं, लवकर वाटलं. थांबवून पाहिलं, उगाच वाटलं. माप घरातच होतं, पण रुसून बसलं होतं. पडद्यावर 'आयुष्यमान' तसंच लटकत राहिलं आणि समता त्याच्याकडं पाहत राहिली. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आईचं कुठं चुकलं? एकामागून एक उतरणारी अक्षरं तिला दाखवली कोणी? अक्षर येतं, मग दुसरं येतं, हेच वाचणं, असं तिच्या मनात भरवलं कोणी? आपणच ना! उभी अक्षरं तिनं कधी वाचलेलीच नाहीत. आणि वर आपणच तिला पहिलीतली पोरं दाखवतो. समताला स्वतःची इतकी लाज वाटली की ती उठून थेट चुलीपुढं जाऊन बसली.

"माय, माह्यं चुकलं वं."

सिंधूताई भाकरी थापत राहिली. ती तव्यावर टाकून म्हणाली, "तुह्यं काय चुकलं? माह्यंच डोस्कं मातीचं. अंबूबाईले सांगून टाक, तूच वाच म्हना. मी बसतो मांगं."

"मांगं नाई बसायचं. आठ-दहा दिवस हायेत. पाहू."

समताला आधी सोपी वाट सुचली, आणि तुम्हालाही तीच सुचली असती. तिनं ते पान पूर्ण टायटलसारखं केलं. एकेक अक्षर उतरणारं, एकेक ओळ. मोबाइलवर घालून आईच्या हातात दिलं. सिंधूताईनं सगळं पान वाचलं! अडखळत, थांबत, पण शेवटपर्यंत. दोघी मायलेकी हसल्या, समतानं तर आईचे गालगुच्चे घेतले. "झालं! मोबाइल धर अन् वाच. कोणाच्या बापाची भीती हाय?"

सिंधूताईनं मोबाइल पदरानं पुसला आणि परत दिला. "मोबाइल नाई नेत मी. ग्रंथ हातात धरून वाचतात. तुह्या बापानं हातात धरला होता."

तिथं समताचं काही चालेना. बाई हट्टी, आणि हा हट्ट मोडावा असं समतालाही मनातून वाटेना.

मग सुरू झालं उलटं काम. आयुष्यभर जिनं अक्षरांना चाल दिली, ती आता चाल काढून घेऊ लागली. पहिल्या दोन दिवसांत अक्षराऐवजी शब्द उतरू लागले, अख्खे. सिंधूताई आधी बावरली, मग जमलं. पुढं शब्द उतरायचे बंद झाले, नुसते जागेवर उमटू लागले. मग अख्खी ओळ उमटू लागली. राजकुमारची कामं तशीच पडून होती. तो फोन करकरून थकला. समतानं त्याला सांगितलं, "घरी परीक्षा हाय." कोणाची ते सांगितलं नाही.

ओळ जमली, पण पान काही जमेना. एकटी ओळ उभी असली की सिंधूताई वाचायची. कागदावर तिच्या वर-खाली बाकीच्या ओळी दिसल्या, की नजर घसरून खालच्या ओळीत पडायची. दोन दिवस उरले. समता खुर्चीत पाय घेऊन नखं चावत बसली होती. टेबलावर काजलच्या लग्नाची पत्रिका पडली होती, जाड, चकचकीत. आणि तिला आठवलं, आपण कॉम्प्युटरमध्ये नाव लपवतो ते कसं? नावावर एक झाकण ठेवतो, त्याला मास्क म्हणतात, आणि त्यातली फट सरकवतो. फटीत येईल तेवढंच दिसतं. तिनं कात्री घेतली आणि पत्रिकेत बरोबर एका ओळीएवढी खिडकी कापली. कागदावर ठेवली. एकच ओळ दिसली. खाली सरकवली, दुसरी आली.

सिंधूताईनं पत्रिका हातात घेतली, स्वतः सरकवली, पुन्हा वर नेली, पुन्हा सरकवली. तिचा चेहरा खुलला. "अवं समते, हे त लाइट नसली तरी चालते!"

दिवस उजाडला. सिंधूताईनं पांढरं लुगडं नेसलं, पत्रिकेची खिडकी ब्लाउजमध्ये जपून ठेवली आणि विहाराची वाट धरली. विहारात मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. अंबूबाईंनी तिला पुढं बोलावलं. ती चपलांजवळून उठली आणि सगळ्यांच्या मधून वाट काढत पुढं गेली, आणि ती वाट समताला फार लांब वाटली. ती आईच्या बाजूला, जरा मागं बसली. नाहीच जमलं तर आपण पटकन पुढचं वाचायचं, असं तिनं ठरवून ठेवलं होतं.

सिंधूताईनं ग्रंथ मांडीवर घेतला. फुलीचं पान उघडलं. खिडकी ठेवली. बाया माना उंच करून पाहायला लागल्या, हे काय नवीन! कोणीतरी खुसखुसलंही. अंबूबाईंनी नुसतं मागं वळून पाहिलं, खुसखुस थांबली.

पहिला शब्द यायला वेळ लागला. मग आला. मग दुसरा. सिंधूताई वाचत होती. निंदताना सरी धरून जावं तशी, एक तण न सोडता. एका जोडाक्षराशी अडली, परत मागं आली, पुन्हा गेली, निघाली. इंद्रभान जे पान पाच-सात मिनिटांत वाचायचा, ते वाचायला सिंधूताईला पाऊण तास लागला. समतानं एकदाही तोंड उघडलं नाही. तशी गरजच पडली नाही.

शेवटची ओळ संपली. अंबूबाईंनी हात जोडले. आता सगळे वाचनाला मान देणारं 'साधू' म्हणणार, तर सिंधूताई मान वर करेना. तिनं खिडकी बाजूला काढून ठेवली आणि ती पानाकडं पाहत बसली. पाहतच बसली. लोक थांबले. अंबूबाईंनी समताकडं पाहिलं.

समताला आधी वाटलं, भेदरली. मग कळलं. माय वाट पाहत होती. जन्मात तिनं जे जे वाचलं ते सगळं वाचून झाल्यावर गेलं होतं. समतानंच घालवलं होतं, दर वेळी, तिच्या तोंडून शेवटचं अक्षर सुटलं रे सुटलं की.

ती पुढं वाकली. "माय, झालं वं."

"जाऊन नाई राह्यले," सिंधूताई हळूच म्हणाली.

"हे नाई जात माय. पुस्तकातले जागेवरच राह्यतात."

सिंधूताईनं तिच्याकडं पाहिलं, मग पानाकडं. कडेच्या पेन्सिलीच्या फुलीवर तिनं बोट ठेवलं. "म्हंजे तुह्या बापानं वाचले, ते हेच?"

"हेच."

"तो गेला तवापासून इथंच व्हते?"

"हाव माय. इथंच."

पदरानं सिंधूताईनं डोळे पुसले, मग तोच पदर पानावरून हलक्या हातानं फिरवला, तिथं धूळ नव्हती तरी. खिडकी उचलली. फुलीपाशी, पहिल्या ओळीवर नेऊन ठेवली. मग इंद्रभान खाकरायचा तसा घसा खाकरला आणि पहिल्यापासून परत वाचायला लागली.

मागून कोणीतरी कुजबुजलं, "हे तर झालं होतं ना?" अंबूबाईंनी जोडलेले हात मांडीत ठेवले. "वाचू द्या तिले," त्या म्हणाल्या.

खिडकी ओळीओळीनं खाली सरकत राहिली. आईच्या मागं बसून समता ऐकत होती, आणि किती वेळ झाला ते त्या दिवशी तिनं मोजलं नाही.